मागच्या टायरची आतली कड

सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या आपल्या मराठी मंडळींत कुणाच्या गाडीला जरा थरथर आली, स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं, की पहिला फोन प्रबोध खांबेट्याला जायचा. गॅरेजला नंतर. प्रबोध गॅरेजवाला नव्हता. तो एका बँकेत जोखीम विभागात होता, म्हणजे दुसऱ्यांनी कुठे कुठे माती खाल्ली आहे किंवा खाणार आहे, हे आधी ओळखून त्यांना सावध करायचं, हेच त्याचं पोटापाण्याचं काम. ठाण्याहून आलेल्या या माणसाची निम्मी नोकरी सिंगापुरात झाली, पासपोर्टाचा रंगही बदलला, पण दुसऱ्याची चूक दिसली की डोळ्यांत येणारी ती चमक मात्र अस्सल ठाण्याचीच राहिली.

गणपतीच्या कार्यक्रमाला सगळे जमले की जेवणानंतर पुरुषमंडळी हमखास खाली कारपार्कमध्ये उतरायची आणि प्रबोधचं प्रवचन सुरू व्हायचं. "टायर खोटं बोलत नाही, रवींद्र," असं म्हणून तो रवींद्र नावाच्या गरीब बिचाऱ्या अकाउंटंटच्या गाडीपाशी उकिडवा बसायचा. "दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवतोस. मधलाच पट्टा झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर चाक कललेलं आहे. आणि असा हात फिरवून बघ, एकीकडून मऊ आणि दुसरीकडून करवतीसारखं लागतंय ना? म्हणजे चाकाचं तोंड वाकडं आहे. सरळ रस्त्यावरसुद्धा ते रबर घासत घासत चालतंय." रवींद्र मान डोलवायचा, दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट करून घ्यायचा आणि संध्याकाळी फोन करून सांगायचा, "तू म्हणालास तस्संच निघालं." असा फोन आला की प्रबोधला जेवण दोन घास जास्त जायचं.

त्याच्या बायकोला, संजीवनीला, या प्रवचनाचं कौतुक होतं. ती नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. पेशंट आला की ती आधी त्याची चप्पल उलटी करून बघायची. टाच कुठे झिजली आहे, अंगठ्याखाली खड्डा पडला आहे का, यावरून माणूस कसा चालतो हे तिला तो चालायच्या आधी कळायचं. "आपण दोघं एकाच धंद्यात आहोत की रे," ती हसून म्हणायची. प्रबोधला ते फारसं पटायचं नाही. चप्पल ती चप्पल आणि टायर तो टायर, असं त्याचं मत होतं.

तर अशा या माणसाने पन्नाशीत स्पोर्ट्स कार घेतली. जुनी गाडी दहा वर्षं पुरी होऊन सरकारी नियमाने गेली, लेक गार्गी युनिव्हर्सिटीत गेली, आता आपण दोघंच, दोन सीट पुरे झाल्या, असं त्याने संजीवनीला पटवलं. लाल, बुटकी, छप्पर उघडणारी, मागच्या चाकांना ताकद देणारी जपानी गाडी. संजीवनी एका वाक्यात तयार झाली, कारण तिलाही गाडी चालवायला मनापासून आवडायचं. खरं सांगायचं तर ती प्रबोधपेक्षा चांगली चालवायची. हे गार्गीला माहीत होतं, रवींद्रला माहीत होतं, आणि प्रबोधलाही माहीत होतं, फक्त त्याच्या तोंडून ते कधी बाहेर पडलं नव्हतं.

गाडी आली आणि प्रबोधला कॅमेरॉन हायलँड्सच्या घाटाची स्वप्नं पडायला लागली. सीमेपलीकडे मलेशियात, चहाच्या मळ्यांतून वळणं घेत जाणारा तो रस्ता. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लिम अंकलचं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान होतं, तिथे त्याने गाडी आणखी खाली बसवून घेतली आणि चारही चाकांची डोकी आत कलतील असा कोन लावायला सांगितला. वळणावर गाडी बाहेर झुकते, तेव्हा असं कललेलं चाक रस्त्यावर पूर्ण टेकतं आणि गाडी घट्ट धरून राहते. हे शास्त्र बरोबरच आहे. पण ते वळणावरचं. सरळ रस्त्यावर तेच चाक फक्त आतल्या कडेवर चालतं.

लिम अंकलने ते सांगितलंही होतं. "सर, धिस सेटिंग माउंटन रोड गुड. बट एव्हरी डे स्ट्रेट रोड, इनसाइड ईट व्हेरी फास्ट वन. मस्ट चेक इनसाइड, कॅन?"

"कॅन, कॅन," प्रबोध म्हणाला. आपल्याला टायर शिकवतोय, या विचाराने त्याला हसूच आलं होतं.

आता हिशेब असा, की कॅमेरॉनचा घाट वर्षातून एखाद्या वेळी व्हायचा. बाकीचं सगळं वर्ष ती गाडी बुकित बातोकहून ऑफिस आणि ऑफिसहून बुकित बातोक, हायवेवरून नाकासमोर चालत राहिली. प्रबोध नियमाने टायर तपासायचा, नाही असं नाही. खोली मोजायचं छोटं यंत्रही होतं त्याच्याकडे. पण ते तो बाहेरच्या खाचांत घालायचा. गाडी इतकी बुटकी की आतली कड बघायला जमिनीवर आडवं व्हायला हवं, आणि तिथे पोट मध्ये यायचं. त्यातून तो गाडी नेहमी मागे घेऊन भिंतीला लावायचा. बाहेरच्या खाचा तर नव्यासारख्या दिसत होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण त्याला पाठ होती. पुढचा अर्धा भाग आपल्यासाठी आहे हे कळायला मात्र वेळ लागला.

दसऱ्याला मल्टिस्टोरी कारपार्कमध्ये गाडीची पूजा झाली. दरवर्षी होते. टेक्का मार्केटातून आणलेली झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. शेजारच्या लॉटमधला मलय गृहस्थ थांबून कौतुकाने बघत होता. पुढच्या चाकांची लिंबं लावून झाली आणि मागची लावायला संजीवनी भिंत आणि गाडी यांच्यामधल्या फटीत शिरली. तिथून चाकापुढे लिंबू सारायचं म्हणजे हात टायरच्या आतल्या बाजूनेच घालायचा. प्रबोध लांबून फोटो काढत होता, ग्रुपवर टाकायला.

"आई गं!" ती ओरडली. "अरे, इथे तार आहे काहीतरी. टोचली मला."

करंगळीशेजारच्या बोटावर रक्ताचा थेंब आला होता. प्रबोधने फोन खाली न घेता सांगितलं, "तार कुठली? टायरला रबराचे बारीक केस असतात, ते लागले असतील. तू बाजूला हो, फोटोत येतेस."

"रबर असं टोचत नाही रे."

"संजीवनी, टायर मला कळतात."

तिने बोट तोंडात घातलं आणि ती बाजूला झाली. गाडी लिंबांवरून पुढे गेली, लिंबं चिरडली, दृष्ट निघाली. फोटो छान आले.

नोव्हेंबरात रोज दुपारी आभाळ फाटायला लागलं. अशाच एका दुपारी प्रबोध घरून काम करत होता आणि संजीवनी गाडी घेऊन हॉस्पिटलात गेली होती. परत येताना हायवेवरून घराकडच्या रस्त्याला वळताना, रोजच्याच वळणावर, गाडीचा मागचा भाग निसटला. गाडी स्वतःभोवती गर्रकन फिरली आणि कठड्यावर आदळली. मागेपुढे दुसरी गाडी नव्हती हे नशीब. संजीवनीचा डावा हात मनगटात मोडला. गाडीचं एक दार आणि मागची बाजू चेपली.

प्रबोध हॉस्पिटलात धावत पोचला तेव्हा तिच्या हाताला प्लास्टर चढत होतं. चेहऱ्याचा रंग उडाला होता, पण शुद्ध शाबूत होती. "माझं काय चुकलं तेच कळत नाही," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी जोरात नव्हते रे. की होते?" प्रबोधने तिच्या केसांवरून हात फिरवला. तू वाचलीस हेच खूप झालं, असं तो म्हणाला आणि ते त्याने अगदी काळजापासून म्हटलं. त्या क्षणापर्यंत त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तो लिम अंकलच्या दुकानात गेला. गाडी तिथेच ओढून आणली होती, लिफ्टवर चढवली होती, आणि आजवर जे बघायला आडवं व्हावं लागलं असतं ते आता त्याच्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं. मागच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडेवर रबर उरलंच नव्हतं. बोटभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा, आणि एका टायरवर त्या पट्ट्यातून तारा बाहेर आलेल्या, लहान मुलाच्या फाटक्या दप्तरातून याव्यात तशा.

"वाह, इनसाइड ऑल बोताक," लिम अंकल म्हणाला. बोताक म्हणजे टक्कल. "आउटसाइड स्टिल सो नाइस, हॉर?"

प्रबोधला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पावसात खाचाच पाणी बाहेर फेकतात. ज्या कडेवर सगळा भार, तिथेच खाचा नाहीत, म्हणजे टायर रस्त्यावर नाही, पाण्यावर चालत होता. आणि मागची चाकं सुटली की जगातला कितीही चांगला ड्रायव्हर असो, गाडी फिरते. संजीवनीच्या जागी तो असता तर तोच फिरला असता. हे सगळं एका नजरेत कळलं, आणि पाठोपाठ झेंडूची माळ, भिंतीमागची फट आणि बोटावरचा रक्ताचा थेंब आठवला. तो तिथल्याच एका स्टुलावर खाली बसला.

तारांचा टायर त्याने मागून घेतला. लिम अंकलला नवल वाटलं, पण त्याने तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिला. प्रबोध टॅक्सीत तो टायर मांडीवर घेऊन घरी आला. पुरावा लपवायला आणला की जपायला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. संजीवनी झोपली होती. इथल्या फ्लॅटमध्ये लोखंडी दाराची बॉम्ब शेल्टरची खोली असते, सगळे तिचा माळ्यासारखा उपयोग करतात. तिथे गणपतीच्या मखराच्या थर्माकोलमागे त्याने टायर उभा केला आणि दार लावलं.

सांगायचं ठरवलं होतं त्याने. अगदी त्याच संध्याकाळी. चहा करून तिच्यापाशी नेला, खुर्ची ओढली, "संजीवनी, ऐक" असं म्हटलंसुद्धा. पण तिनेच आधी सुरुवात केली. तिचे डोळे भरले होते.

"सॉरी रे. तुझी इतकी आवडती गाडी. मी वाट लावली तिची. तू एका शब्दाने बोलला नाहीस, त्याचंच जास्त वाईट वाटतंय."

त्या वेळी तोंड उघडायचं होतं. तोंड उघडलंही. आणि त्यातून शब्द आले ते असे, "जाऊ दे गं. मागच्या चाकांच्या गाड्या पावसात अवघडच असतात, सगळ्यांना झेपत नाहीत. मी काही मनात ठेवलेलं नाही."

तिने त्याचा हात धरला. "तू फार मोठ्या मनाचा आहेस," ती म्हणाली. मोठ्या मनाच्या माणसाने चहाचा कप उचलला आणि एका दमात संपवला. जीभ पोळली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले हे प्रबोधलाच ठाऊक. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही खोटं नाही. गाडी दुरुस्त होऊन आली. त्याने चारही टायर नवे घातले आणि चाकं कंपनीने सांगितलेल्या साध्या कोनावर आणली, कुणाला न सांगता. गार्गी जेवताना थट्टा करायची, "आई एनीहाउ ड्राइव्ह लाह! बाबा, हाइड द कीज." संजीवनीही हसायची, आणि दोघी हसतात म्हणून तोही हसायचा. मग ताटातली भाजी त्याला जाईनाशी व्हायची. बॉम्ब शेल्टरमधून काही आणायला संजीवनी उठली की तो तिच्याआधी धावायचा. "तुझा हात दुखेल," म्हणायचा. केवढी काळजी घेतो नवरा, असं ती फोनवर ठाण्याच्या बहिणीला सांगायची, तेही त्याला ऐकू यायचं.

रवींद्रने एकदा कारपार्कमध्ये गाठलं. "जरा बघ रे, माझा पुढचा टायर विचित्र झिजलाय." प्रबोध म्हणाला, "दुकानात दाखव. मला त्यातलं काही कळत नाही." रवींद्रला वाटलं, अपघाताने बिचारा खचला आहे.

प्लास्टर निघालं, मनगट सुधारलं. पण संजीवनीने किल्लीला हात लावला नाही. कुठेही जायचं तर एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो. प्रबोध चालवत असेल आणि पाऊस आला, तर शेजारी बसून ती सीटची कड घट्ट धरायची. "तू चालव ना थोडी," एकदा त्याने म्हणून पाहिलं. "नको," ती म्हणाली, "माझ्या हातात गाडी देणं बरं नव्हे. आज मीच होते, उद्या कुणाचं मूल असलं तर?" ठाण्याच्या गर्दीत स्कूटर, मग बसच्या मधून काढलेली मोटार, इथल्या परीक्षेत पहिल्याच फटक्यात पास, असा जिचा इतिहास, ती बाई हे बोलत होती. प्रबोधला ते ऐकून स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

आणि मग ते हॉस्पिटलचं पत्र आलं. घरी पडून असलेल्या म्हाताऱ्या पेशंटांकडे जाऊन त्यांना पुन्हा पायांवर उभं करायचं, अशी एक नवी तुकडी निघत होती. तिची प्रमुख म्हणून संजीवनीला विचारलं होतं. हे काम तिला कित्येक वर्षांपासून हवं होतं. "म्हातारा माणूस हॉस्पिटलच्या गुळगुळीत फरशीवर चालून काय उपयोग, त्याला स्वतःच्या बाथरूमपर्यंत चालता आलं पाहिजे," हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. फक्त एक अट होती. उपकरणं घेऊन आंग मो किओपासून जुरोंगपर्यंत हिंडायचं, हॉस्पिटलची गाडी मिळेल, ती स्वतः चालवायची. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाली. संजीवनी टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली. बाहेर आभाळ गडगडत होतं.

"काय लिहितेस?" प्रबोधने विचारलं, उत्तर माहीत असून.

"नाही म्हणून कळवते. गाडीचं कारण नाही सांगत, घरगुती अडचण म्हणते." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी आणायला जाते म्हणावं तसा. "दुसरं कुणीतरी करेल. आमच्या विभागातली अश्लेषा आहे, ती चालवते चांगली."

प्रबोध उठला. उठून त्याने काय करायचं ठरवलं होतं असं काही नव्हतं. त्याने बॉम्ब शेल्टरचं जड दार ओढलं, मखराचे तुकडे बाजूला फेकले आणि टायर बाहेर काढला. प्लास्टिक फाडलं. हॉलच्या पांढऱ्या फरशीवरून तो टायर ढकलत तो टेबलापाशी आला आणि हाताने धरून उभा राहिला.

"पाठवू नकोस," तो म्हणाला. "हा तुझ्या अपघाताचा टायर. मागचा. तू जोरात नव्हतीस. तुझं काहीच चुकलं नाही. आधी हा बघ."

संजीवनीने लॅपटॉप बाजूला सारला आणि ती खाली बसली. पेशंटच्या चपलेला हात लावायची तसाच तिने टायरला हात लावला. बाहेरच्या खाचांवरून बोट फिरवलं. "हा तर चांगला आहे," ती म्हणाली. मग तिने टायर स्वतःकडे कलता केला आणि आतली कड बघितली. बोट मधल्या भागावरून हळूहळू सरकलं, गुळगुळीत पट्ट्यावर आलं आणि तारेपाशी थांबलं. प्रबोधने कोन, भार, पाणी, घाट, जे काय होतं ते सगळं सांगून टाकलं. एरवी अर्धा तास पुरणारं ते प्रवचन चार वाक्यांत संपलं.

ती तारेकडे बघत राहिली. मग करंगळीशेजारच्या बोटाकडे.

"दसऱ्याला हीच टोचली होती."

"हो."

"तू म्हणालास, रबराचे केस असतात."

"हो."

"मी म्हटलं होतं, रबर असं टोचत नाही."

"म्हटलं होतंस. चुकलं माझं, संजीवनी. मी बघायला हवं होतं. खाली वाकून एकदा बघायला हवं होतं."

गार्गी खोलीतून डोकावली, "व्हाय गॉट टायर इन द हॉल?" दोघांचे चेहरे बघून ती परत आत गेली. संजीवनी उठून खुर्चीवर बसली. लिहिलेलं पुसलं, दुसऱ्या दोन ओळी लिहिल्या आणि पाठवून दिल्या. काय लिहिलं ते प्रबोधला तिथून वाचता आलं. ती हो म्हणाली होती.

मग तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. लिमकडे गेलो होतो तेव्हा."

"सकाळी?"

"सकाळी."

"आणि मी तुला सॉरी म्हटलं ते संध्याकाळी."

प्रबोधने होकारार्थी मान हलवली. खोटं बोलायची सोय आता उरली नव्हती, आणि खरं म्हणजे त्याला ती नकोही होती.

संजीवनीने हात पुढे केला. "किल्ली दे."

त्याने दिली. बाहेर पाऊस सुरू झाला होता. येऊ का, असं विचारायला त्याचे ओठ हलले, पण तिने मान हलवूनच नको म्हटलं. दारापाशी तिने चपला घातल्या. एक हात चौकटीवर ठेवून ती वळली. रागावलेली दिसत नव्हती. रागावली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

"टायरचं मी समजू शकते," ती म्हणाली. "लक्ष राहत नाही माणसाचं. पण मी रडत होते, प्रबोध, आणि तू मला माफ केलंस."

दार लागलं. लिफ्ट आल्याचा आवाज झाला. प्रबोध तसाच टायरला धरून उभा राहिला, कारण हात काढला असता तर तो आतल्या बाजूला कलंडला असता.